माइक नको

सुसामिर, १२ जानेवारी

पेरिझात पोरी,

हे पत्र रिस्पेकच्या टॅक्सीतून घाट उतरून तुझ्याकडे येत आहे. सोबत लोणी आणि कुरुतची पिशवी आहे. रिस्पेकने वाटेत त्या सुक्या दह्याच्या गोळ्या किती चघळल्या ते पिशवी हातात घेतल्यावर कळेलच. फोनवर हे बोलता येत नाही. तुझी आपा फोन स्पीकरवर ठेवते, आणि या घरातली गोष्ट चहा निवायच्या आत शेजारणीची होते. इतक्या वर्षांच्या संसारात तिची ती सवय मोडली नाही, आता मोडणारही नाही.

काम असं की मला कॉम्प्युटर हवा. दुकानात मांडलेला तयार नको, तू गिऱ्हाइकांना एकेक भाग निवडून जुळवून देतेस तसा. घाटावरच्या हिम-चौकीत होतो तेव्हाच्या सगळ्या हिवाळ्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. चौकीतल्या नव्या पोराने मला एक प्रोग्राम दिला आहे. बर्फाचे थर, उताराचा कल आणि वारा त्यात भरला की कुठल्या कड्याचं बर्फ सुटेल आणि ते रस्त्यावर कुठवर येईल हे तो सांगतो. पण निवृत्तीच्या दिवशी टोपीसोबत मला जो जुना कॉम्प्युटर भेट दिला, त्याला हे गणित झेपत नाही. अर्ध्यात मान टाकतो.

तेव्हा प्रोसेसर दांडगा घे. मेमरी भरपूर. पॉवर सप्लाय असा की आमच्याकडची वीज कितीही नाचली तरी तो जागचा हलू नये. ग्राफिक्स कार्डही चांगलं घाल, एखादा खेळ न अडखळता चालेल असं. खेळ फक्त चाचणीसाठी. कॅमेरा नको. माइक नको. पुन्हा लिहितो, माइक नको.

पैसे म्हणजे शरदात विकलेली करडी घोडी. तेवढ्यात बसव.

तुझा आके,
कादिराली

बिश्केक, १९ जानेवारी

आके,

कुरुत पोचलं. रिस्पेकने अर्धं खाल्लं आणि उरलेल्या अर्ध्याचं तोंडभरून कौतुक केलं.

तुमचं ‘खेळ फक्त चाचणीसाठी’ वाचून मी गाळ्यात एकटीच इतकी हसले की समोरचं गिऱ्हाईक बिचकलं. आमच्या बाजारात रोज पोरं येतात. प्रत्येकाला अभ्यासासाठी कॉम्प्युटर हवा असतो, आणि प्रत्येकाचा अभ्यास हातात बंदूक घेऊन धावत असतो. पण सदुसष्ट वर्षांचं गिऱ्हाईक, तेही स्वतःचा बाप, असलं कारण सांगतंय हे पहिल्यांदाच पाहिलं.

आता धंद्याचं बोलते. तुमच्या प्रोग्रामची मी चौकशी केली. तो सगळं गणित प्रोसेसरवर करतो, ग्राफिक्स कार्डाला हातही लावत नाही. म्हणजे महागडं कार्ड त्या कामात लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखं नुसतं बसून जेवणार. त्यापेक्षा पैसे मेमरीत घाला. स्वतःची चूक स्वतः पकडून सुधारणारी मेमरी मिळते. साध्या मेमरीत लांबलचक गणित चालू असताना कधीतरी एखादा आकडा गुपचूप उलटतो आणि कुणालाच कळत नाही. खेळात तसं झालं तर झाडाचा रंग बदलेल. तुमच्या गणितात कडा रस्त्याच्या अलीकडेच थांबलेला दिसेल, आणि खरा थांबणार नाही.

एका घोडीत ती मेमरी आणि मोठं कार्ड दोन्ही बसत नाही. एक निवडा. स्वस्तातली वापरलेली कार्डं इथे ढिगाने आहेत, पण ती कुणाच्या तरी गोदामात रात्रंदिवस इंटरनेटवरची डिजिटल नाणी खणून थकलेली असतात. तसलं कार्ड मी शत्रूलाही देत नाही, फार तर ओळखीच्याला.

आणि माइकवाला हेडफोन मी माझ्याकडून देते. भेट म्हणून घ्या.

तुमची,
पेरिझात

सुसामिर, २६ जानेवारी

पेरिझात,

भेट तुझ्याकडेच ठेव. माइक नको असं दोनदा लिहिलं होतं, आता हे तिसऱ्यांदा.

तू कूलर कुठला घालणार ते लिहिलं नाहीस, म्हणजे बिश्केकमध्ये चालतो तोच घालणार. तिथेच चुकशील. इथे आपण घाटाजवळ, उंचावर राहतो. हवा पातळ आहे. पंखा तेवढाच फिरला तरी तेवढी उष्णता उचलत नाही. तुझ्या गाळ्यात थंड राहिलेला प्रोसेसर इथे बाहेर थंडीने दगड फुटत असताना घरात तापून बसेल. तेव्हा एक माप मोठा कूलर घे आणि पंखे जास्त लाव. डोंगराचं मला शिकवू नकोस, मी तुला बाजाराचं शिकवत नाही.

मेमरीचं वाचलं. ती चूक सुधारणारी नको, साधी घाल. आकडा चुकलाच तर गणित पुन्हा चालवीन, मला कुठे कामावर जायचं आहे? कार्ड मात्र मोठं घे. खेळात बर्फ पडताना चित्र अडकता कामा नये.

आपा बरी आहे. तिला यातलं काही सांगू नकोस.

आके

बिश्केक, ३ फेब्रुवारी

आके,

कूलरचं तुमचं बरोबर. मी तो विचार केला नव्हता. मोठा घेतला.

बाकीचं पत्र मात्र मी दोनदा वाचलं आणि अक्षर तुमचंच आहे ना ते तपासलं. मी बारा वर्षांची असताना तुम्ही मला घाटावर नेलं होतं. बर्फात माझ्या उंचीचा खड्डा खणलात, थराथराचं तापमान घेतलंत. एक आकडा जरा संशयास्पद वाटला म्हणून तुम्ही शेजारी पुन्हा तेवढाच खड्डा खणलात. माझ्या पायांची बोटं बधिर झाली होती. मी रडले तर म्हणालात, ‘रड, पण तोंड तिकडे कर, थर्मामीटरवर श्वास पडतो.’ आणि तोच माणूस आता लिहितो की आकडा चुकला तर चुकला, कार्ड मोठं घे.

आके, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? हा खेळ कुणाबरोबर चालला आहे? इथे म्हाताऱ्या माणसांना इंटरनेटवर गोड बोलून लुबाडणाऱ्यांच्या गोष्टी रोज ऐकते. कुणी पैसे मागतंय का? की कुणी बाई आहे? खरं सांगा. नाहीतर मी एक स्क्रूही पिळणार नाही, आणि आपाला फोन करीन. स्पीकरवर.

पेरिझात

सुसामिर, १० फेब्रुवारी

पेरिझात,

बाई नाही. घरात एक आहे तीच ऐकत नाही.

खेळात तुझा भाऊ आहे, कुतमान.

आपा दर रविवारी त्याच्याशी फोनवर बोलते तेव्हा मी तबेल्यात जातो हे तुला ठाऊक आहे. तबेल्याची भिंत पातळ आहे, त्याला मी काय करणार? शरदात त्याने तिला सांगितलं की तिकडे कोरियात, कारखान्याच्या वसतिगृहावर, संध्याकाळी तो एक खेळ खेळतो आणि तिथे त्याने आपलं नाव ‘सुसामिर’ ठेवलं आहे. मी रिस्पेककडून तो खेळ घालून घेतला.

सहा जणांनी मिळून बर्फातून औषधं आणि पीठ घाटापलीकडे पोचवायचं, असा तो खेळ आहे. कुतमान म्होरक्या आहे. एक पोरगा कोरियाचा, बाकी आपल्याकडचेच. सगळे माइकवर बोलतात. मी ऐकतो, आणि उत्तर टाइप करतो. माझा माइक बिघडला आहे आणि मी ओश शहरातला विद्यार्थी आहे असं सांगितलं आहे. इतके महिने माइक बिघडलेलाच पाहून एका पोराने नवीन घ्यायला पैसे देऊ केले. पोरं चांगली आहेत.

उतार ओलांडताना मी कमरेला लाल दोरी बांधून मागे सोडतो. खेळात ती दोरी कडा चढायला दिली आहे, अशी कुणी वापरत नाही. पण आमच्या उमेदीत गाडलेला माणूस शोधायची यंत्रं नव्हती, दोरीच होती. माणूस बर्फाखाली गेला तरी हलक्या दोरीचं टोक वर राहतं, ते धरून खणायचं. दोरी न सोडता उतारावर पाय टाकायला मला जमत नाही, खेळात सुद्धा. बाकीचे हसतात, वेळ जातो म्हणून कुरकुरतात. कुतमान एकदाही हसला नाही. गेल्या महिन्यापासून तर तोही दोरी सोडतो. मी सांगितलं नव्हतं. चांगली सवय पाहिली आणि उचलली असेल. पोरगा हुशार आहे, हे मी कधी नाकारलं नव्हतं.

माझ्या जुन्या यंत्रावर बर्फ पडू लागलं की चित्र गोठतं आणि मी मागे राहतो. मग तो सगळ्यांना थांबवतो आणि माझी वाट बघत उभा राहतो. ते मला बरं वाटत नाही. म्हणून कार्ड.

एप्रिलच्या सुरुवातीला तो मासेमारीच्या मोठ्या जहाजावर चालला आहे. कितीतरी महिने समुद्रावर, तिथे इंटरनेट नाही. हे त्याने खेळात सगळ्यांना सांगितलं. म्हणजे मलाही सांगितलं असं म्हणता येईल.

तुझ्या आपाला अजून माहीत नाही. तू बोलू नकोस.

आके

बिश्केक, २० फेब्रुवारी

आके,

आपाला सांगणार नाही.

तुमचं पत्र वाचून मी गाळ्याचं शटर अर्धं ओढलं. सहा वर्षांपूर्वी कुतमान निघाला तेव्हाचा दिवस मला आठवला. तो अंगणात पिशवी ठेवून उभा होता. रिस्पेक टॅक्सीचा हॉर्न वाजवत होता. आपा रडत होती. आणि तुम्ही ‘नोंद घ्यायची आहे’ म्हणून घाटाकडे चालते झालात. सप्टेंबर होता, आके. डोंगरावर मूठभर बर्फ नव्हतं. शेजारचा म्हातारा पुढे आला, त्याने तळवे उघडून त्याला निघतानाचा आशीर्वाद, बाता दिली. पण बापाची बाता शेजाऱ्याला देता येत नाही. कुतमान सगळा वेळ घाटाच्या रस्त्याकडे बघत होता. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. माइक का नको ते मला आज कळलं, म्हणून लिहिते. टाइप केलेली बाता कुणी कधी ऐकली आहे?

दोरीबद्दल मला जे वाटतं ते मी लिहिणार नाही. तुम्ही थर वाचणारे आहात, वाचा.

यंत्र तयार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी चूक सुधारणारी मेमरीच घातली, कारण घाटातून रिस्पेक रोज जातो आणि मला कुरुत हवं असतं. कार्ड एकच पायरी खालचं आहे, पण नवं आहे. त्यावर बर्फ अडकणार नाही, मी इथे खेळून पाहिलं. पैसे कॅबिनेटमध्ये वाचवले. सध्या काचेची, आत दिवे लुकलुकणारी कॅबिनेटं चालतात. तुमचं जुन्या पत्र्याचं आहे, एका बाजूला चेंबलेलं, पण हवा भरपूर खेळते. वीज नाचते म्हणून स्टॅबिलायझर वेगळा दिला आहे.

गाडीतून येताना ते थंडगार होईल. घरात आणल्या आणल्या उघडू नका. खोका दुसऱ्या दिवसापर्यंत बंदच ठेवा, नाहीतर आत दव धरेल आणि पहिल्याच बटणाला सगळं जळेल. तळाशी माझ्या जुन्या शालीत काहीतरी गुंडाळलेलं आहे. ते परत पाठवायचं नाही.

पेरिझात

सुसामिर, ९ मार्च

पेरिझात,

यंत्र पोचलं. खोका एक दिवस बंद ठेवला. आपा दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, ‘आत बकरू आहे का, श्वास घेऊ दे त्याला.’

यंत्र उत्तम आहे. जुन्याला जे गणित आठवडाभर झेपलं नाही ते याने एका रात्रीत संपवलं. पूर्वेकडचा तिसरा कडा वसंतात सुटला तर बर्फ रस्ता ओलांडतं, असं उत्तर आलं. मी ते चौकीतल्या पोराला दिलं, त्याने तपासलं, आणि तिथे गाड्या थांबवायला मनाई करणारी पाटी लागली. म्हणजे मेमरीचं तुझं खरं. हे एकदाच लिहीन.

आता दुसरं ऐक. काल आठ मार्च म्हणून बायका जमल्या. नवी वस्तू पहिल्यांदा बघायची तर बघणाऱ्याने काहीतरी द्यायचं, ही रीत तुला ठाऊक आहे. आपाने कॉम्प्युटरची नव्या सुनेसारखी तयारी केली. स्वतः भरलेला चौकड्यांचा रुमाल त्यावर घातला, त्यावर नमद्याचं जाड आसन टाकलं, त्यावर मिठाईची बशी. एकेक बाई यायची, रुमालाचा कोपरा उचलून बघायची, नाणं नाहीतर खाऊ ठेवायची आणि सुखाचं असो म्हणायची. एक म्हणाली, ‘चेंबलेली आहे गं, पण घराण्यातली दिसते.’ त्या गेल्या, आणि मी ते आसन न बघता तसाच खेळायला बसलो. हवेला वाटच नव्हती. ऐन उताराच्या मध्यात यंत्र तापून बंद पडलं. पुन्हा सुरू करून परत पोचलो तर बाकीचे चौघे निघून गेले होते. कुतमान तिथेच उभा होता, दोरी सोडून. म्हणाला, ‘आलास? चल.’ एवढंच.

मी टाइप केलं, ‘आदरणीय सहकाऱ्या, विलंबाबद्दल क्षमस्व.’

शालीतलं मी पाहिलं. कपाटात ठेवलं आहे.

आके

बिश्केक, १७ मार्च

आके,

घाईत लिहिते, रिस्पेक हॉर्न वाजवतो आहे.

कुतमानचा फोन आला होता. जहाज आधीच सुटतंय. तो नूरुझच्या सणाला, एकवीसला सकाळी निघेल. आदल्या संध्याकाळी शेवटचा खेळ आहे. त्याने तुमची चौकशी केली. दर वेळी करतो, तशीच. ‘आके बरे आहेत ना?’ मी म्हटलं, बरे आहेत. याहून जास्त मी काही बोलले नाही.

एक धंद्याची गोष्ट सांगते. मी यंत्र जुळवून दिलं की एक वर्षाची हमी देते. पण दिलेला भाग कपाटात ठेवला तर हमी राहत नाही. तुमचा भाग कपाटात आहे.

आपाला सांगा, आसन खुर्चीवर घालायचं असतं.

पेरिझात

सुसामिर, २४ मार्च

पेरिझात,

माइक चालतो.

तुला सगळं हवं असेल, म्हणून क्रमाने लिहितो. नूरुझच्या आदल्या संध्याकाळी आपा चुलीवरच्या कढईपाशी होती. मी दार लोटलं, शालीतून हेडफोन काढला, कानांवर चढवला. सहाही जण शेवटच्या उताराखाली जमले होते. मी माइक तोंडाजवळ ओढला. आधी पाठ केलेलं सगळं गेलं. मी नुसता खोकलो.

एक पोरगा ओरडला, ‘अरे, ओशवाल्याचा माइक सुधारला!’ बाकीचे हसले. आणि मग कुतमान म्हणाला, ‘आके, दोरी सोडलीत का?’

मी म्हटलं, ‘सोडली.’ मग विचारलं, ‘तुला कधीपासून ठाऊक?’

‘पहिल्या दिवसापासून. उतारावर लाल दोरी सोडणारा आणि “आदरणीय सहकाऱ्यांनो” लिहिणारा विद्यार्थी ओशमध्ये मिळत नाही, आके.’

‘मग इतके महिने बोलला का नाहीस?’

‘तुमचा माइक बिघडला होता ना.’

मी म्हटलं, चल, अंधार पडेल, आणि आम्ही उतारावर चढलो. अंतर ठेवून, एकामागे एक, दोघांच्याही मागे दोऱ्या. मध्यावर आलो तेव्हा तो म्हणाला, ‘सकाळी निघतो, आके.’ आणि थांबला. त्या सप्टेंबरात अंगणात उभा होता तसाच थांबला असणार. मी तेव्हा पाहिलं नव्हतं, पण आता ते मला दिसलं.

बाता द्यायची तर दोन्ही तळवे उघडावे लागतात. हात कीबोर्डवर ठेवून ती देता येत नाही. मी हात उचलले. म्हटलं, ‘तुझी वाट उघडी राहो. पाणी तुला वाहून नेवो पण बुडवू नये. ताटात अन्न असो, शेजारी माणूस असो. जसा गेलास तसा परत ये, मी दारात असेन.’ डोळे मिटले होते. तळवे तोंडावरून फिरवले. कानात सगळ्यांचं ओमीन ऐकू आलं. कोरियाचा पोरगाही म्हणाला, त्याला काय कळलं कोण जाणे.

जिथे मी आयुष्यभर कुणाला उभं राहू दिलं नाही, तिथे उताराच्या ऐन मध्यावर मी हात सोडून उभा होतो. डोळे उघडले तर पडदा पांढरा. कडा सुटला होता आणि मी खाली होतो.

कुतमान म्हणाला, ‘हलू नका, आके. तुमचं टोक दिसतंय मला.’

पाचही जणांनी खणलं. काढलं मला.

तेवढ्यात आपा दारात उभी. ‘एकटा बसून कुणाला बाता देतोस?’ म्हणाली. मी उत्तर द्यायच्या आत तिने माझा चेहरा पाहिला, हेडफोन माझ्या डोक्यावरून उतरवला आणि स्वतःच्या रुमालावरून चढवला. मग तो काही परत दिला नाही. मी बाजूला उभा राहून तिचं अर्धं बोलणं ऐकलं. औषधं पलीकडे पोचली की नाही हे मला अजून ठाऊक नाही.

सकाळी तो निघाला.

परतल्यावर तो पुन्हा खेळात येईल म्हणाला, आणि आपानेही यायचं ठरवलं आहे. मी तिला दोरी सोडायला शिकवतो आहे. ऐकत नाही. आणखी एक हेडफोन पाठव, माइकवाला.

तुझा आके